हळदीच्या पेवातलं चंदन

हळदीचा वास नाकात गेला, की सांगलीतलं ते प्रकरण मला आजही आठवतं आणि एकट्यालाच हसू फुटतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; त्यांची आठवण काढून कोण हसणार? पण या प्रकरणात माल सापडला, चोर सापडला आणि एका बापाची अब्रू भर मांडवात परत मिळाली. पोलिसाच्या वाट्याला असे दिवस फार येत नाहीत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीत फौजदार होतो. मूळचा कोरेगावकडचा. उन्हाळा तापला होता आणि हळदीचा हंगाम असा भरात होता, की बाजारातली कुत्रीसुद्धा पिवळी दिसत होती. अशात एका सकाळी अत्तराचे एक वयस्क व्यापारी ठाण्यात आले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. त्यांनी परवान्यावर कर्नाटकातून चंदनाचं तेल मागवलं होतं. तांब्याचे दोन डबे, तोंडाला मेणाचं सील. ट्रक सांगलीला पोचला, माल गोदामात उतरला, पण डब्यांचा पत्ता नव्हता.

संशय ड्रायव्हरवर गेला. जाणारच. एवढा नाजूक माल म्हणून त्यानं डबे केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवले होते, आणि झडतीत त्याच्या सीटवरच्या घोंगड्याला चंदनाचा घमघमाट येत होता. तो म्हणे, डबे गोदामाच्या मुकादमाच्या हातात दिले. मुकादम म्हणे, मी ते डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. ड्रायव्हरला अटक झाली, न्यायालयानं सोमवारपर्यंत कोठडी दिली आणि पुढचा तपास माझ्याकडे आला.

हा ड्रायव्हर म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला गडी, माझ्याच तालुक्यातला. कोठडीतही सकाळी उठून चादरीची काटेकोर घडी घालायचा आणि मी गेलो की सावधानमध्ये उभा राहायचा. त्याच्या मुलीचं लग्न त्याच रविवारी होतं. नवऱ्याकडच्यांनी निरोप धाडला होता, की बाप कोठडीत असेल तर आमचं वऱ्हाड निघायचं नाही. मी विचारपूस सुरू केली तेव्हा त्यानं स्वतःच्या सुटकेचं अवाक्षर काढलं नाही.

"सायेब, माझं काय बी हुंद्या," तो म्हणाला. "पर लगीन मोडलं तर पोरीला जलमभर चोराची लेक म्हणत्याली. तिनं काय केलंय?"

खोटं बोलणारा माणूस आधी स्वतःची कातडी वाचवायला बघतो, हा माझा अनुभव. हा माणूस मला खरा वाटला. पण वाटण्याला कोर्टात कोण विचारतो? मला रविवारच्या आत डबे हवे होते.

खबर मिळाली ती चहाच्या गाड्यावर. आमचे हवालदार गप्पिष्ट. चहा एक कप आणि गप्पा चार कप असा त्यांचा हिशेब. तिथं हळदीच्या पेठेतला एक हमाल मोठ्या भक्तिभावानं सांगत होता, की नुकतीच आपल्याला देवाची प्रचिती आली. हवालदारांनी त्याला गोड बोलून ठाण्यात आणलं.

"सायेब, पेवं भरायचं काम चाललं हुतं," हमाल म्हणाला. "एक पोतं पाठीवर घेतलं आन् आसा चंदनाचा वास सुटला की जणू देऊळच घिऊन चाललोय. म्हटलं देवानं बोलावलं. दिसभर तंबाखू खाल्ली न्हाई."

मी विचारलं, पोत्यात पाठीला काही टोचत होतं का? तो म्हणाला, व्हय, लय कडक लागत हुतं. पर देवाचं काम म्हटल्यावर थोडं सोसावं लागतंच की. माझी हसता हसता पुरेवाट झाली. पण ते पोतं कुठल्या पेवात गेलं, ते काही त्याला सांगता येईना. त्या दिवशी त्यानं अकरा पेवांवर पोती वाहिली होती, आणि पोती आत रचून घेणारा होता तोच मुकादम.

बाहेरच्या माणसाला पेव म्हणजे काय ते सांगायला हवं. नदीकाठच्या चिवट मातीत खणलेला हा खोल खड्डा. तोंड लहान, पोट मोठं. आत हळद भरायची, तोंड पाल्यानं नि मातीनं लिंपून टाकायचं, आणि चांगला भाव येईपर्यंत त्याकडे बघायचंही नाही. अवेळी तोंड उघडलं तर माल बिघडतो म्हणून व्यापारी पेवाला जिवापाड जपतात. चोरानं डोकं चालवलं होतं, यात शंका नाही.

मी मुकादमाला बोलावलं. मिशा पिळलेला, बोलण्यात तरबेज माणूस. मी फक्त एवढंच विचारलं, की डबे गोदामातून कुठं गेले असतील असं तुम्हाला वाटतं? पेवाचं नावही मी काढलं नव्हतं. तो पानाचा तोबरा गालात सरकवून म्हणाला, "आवं सायेब, पेवं हुडकून काय मिळणार? हळदीफुडं दुसरा वास टिकतोय व्हय कुठला?"

मी मान डोलावली आणि चहा मागवला. जे विचारलंच नाही त्याचं उत्तर देणारा माणूस तपासात फार उपयोगी पडतो. मुकादमाचा अंदाज तसा बरोबर होता. त्या पेठेत जन्म काढलेल्यांच्या नाकाला हळदीशिवाय काही कळत नाही. त्याच भरवशावर तो बसला होता.

आता अकराही पेवं उघडावीत, तर बातमी फुटल्याबरोबर व्यापारी टोप्या सावरत ठाण्याच्या पायऱ्यांवर येऊन बसले. आमच्या उपअधीक्षक साहेबांनी मला आत बोलावून निक्षून सांगितलं, की एकच पेव उघडायचं. चुकलात तर दुसऱ्याला हात लावायचा नाही. अकरातून एक. मटक्याच्या अड्ड्यावर धाडी घालणाऱ्या फौजदारावर मटका खेळायची वेळ आली होती.

नशीब असं, की त्याच दिवशी पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या एक रसायनतज्ज्ञ बाई साक्षीसाठी सांगलीत आल्या होत्या. सुनावणी पुढं ढकलली गेली, म्हणून एसटीची वेळ होईपर्यंत आमच्या ठाण्यात चहा घेत बसल्या होत्या. अंगानं भरलेल्या, आवाज खणखणीत आणि हसणं त्याहून मोठं. मी सहज त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी कप खाली ठेवला. "एसटी उद्याही असते," म्हणाल्या. "मला कॉलेजची प्रयोगशाळा उघडून द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आमची वरात पेवांवर निघाली. बाईंनी तोटी असलेली मोठी काचेची बरणी आणि कोळशाची पूड भरलेल्या काचेच्या बारीक नळ्या आणल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या देखत पेवाच्या लिंपणाला पहारीनं बोटभर भोक पाडायचं, त्यात पाइप घालायचा, भोवती ओली माती दाबायची. पाइपाला कोळशाची नळी, नळीला पाण्यानं भरलेली बरणी. तोटी उघडली की पाणी खाली गळतं आणि त्याच्या जागी पेवातली हवा नळीतून ओढली जाते.

"पोतंभर गव्हात एकच खडा असेल तर मूठभर गहू बघून सापडेल का?" बाईंनी मला समजावलं. "सगळं पोतं चाळावं लागतं. तशी ही हवा चाळायची. हवा निघून जाते, वास कोळशात अडकतो. थोडा थोडा करून पुष्कळ साठतो."

बरणी दर वेळी भरायची म्हणजे पाणी हवं. शिपाई नदीवरून घागरी वाहू लागले, तशी बघ्यांची गर्दी जमली. कुणी तरी पसरवलं, की पोलिसांनी पेवांना पाणी घालून हळद पुन्हा उगवायचं काढलंय. त्यात बाईंनी हुकूम सोडला, की डोक्याला वासाचं तेल लावलेला एकही माणूस जवळ नको. आमचे हवालदार चमेलीच्या तेलाशिवाय घराबाहेर पडत नसत. त्यांना नदीवर जाऊन डोकं धुवावं लागलं, आणि मुकादमासकट सगळी पेठ खो खो हसली.

मग ठाण्याच्या मागच्या पडवीत खरी परीक्षा मांडली. बाईंनी प्रत्येक नळीतला कोळसा इथरच्या चार थेंबांनी धुतला. पांढरी पूड थापलेल्या काचेच्या पट्टीवर खालच्या बाजूला रांगेनं ठिपके दिले. एका टोकाला चाचांच्या दुकानातल्या अस्सल चंदनतेलाचा, शेजारी अकरा पेवांचे. पट्टीचं खालचं टोक एका द्रावात उभं केलं. तो द्राव टीपकागदावर शाई चढावी तसा वर चढत गेला. वर औषध फवारून पट्टी तापवली की डाग उमटणार होते. पण तापवायची कशावर? शेवटी गणवेशाची कोळशाची इस्त्री उलटी करून तिच्यावर पट्टी धरली.

हळूहळू डाग दिसू लागले. बहुतेक पेवांचे सारखेच, हळदीचे. चाचांच्या तेलाचा एक ठळक डाग बऱ्यापैकी वर होता. त्याच उंचीवर, त्याच रंगाचा डाग आणखी एकाच जागी उमटला. सातव्या पेवाच्या.

"फौजदारसाहेब," बाई म्हणाल्या, "सातवं उघडा. नाही निघालं तर माझं नाव सांगा."

शनिवारी सकाळी पंचांना घेऊन आम्ही गेलो. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं; आतली हवा माणसाचा जीव घेते. तोंड मोकळं करून ठेवलं, मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडला. ज्योत विझली नाही. पण त्याआधीच तोंडातून उबदार वाफ आली आणि चंदनाचा वास असा पसरला, की दोन्ही पंचांनी न सांगता टोप्या काढून हात जोडले. पेवाच्या उबेनं मेणाचं सील मऊ झालं होतं आणि तेल पाझरून शेजारच्या पोत्यांत उतरलं होतं. आमचा भाविक हमालच खाली उतरला आणि डबे घेऊन वर आला. त्याचा चेहरा जरा पडला होता. प्रचिती आली ती देवाची नसून चोराची निघाली. मुकादम मटकन मातीत बसला आणि म्हणाला, "हळदीनं दगा दिला." पंचनाम्यात ते वाक्य मी मुद्दाम घातलं.

पुराव्याअभावी ड्रायव्हरच्या सुटकेचा अहवाल गेला, आदेश झाला आणि दुपारी तो बाहेर आला. वासानंच त्याला आत घातलं होतं, वासानंच बाहेर काढलं. त्याच संध्याकाळी त्याच्या घरी हळद होती. मला साताऱ्याच्या पोलीस मुख्यालयात टपाल पोचवायचं होतं, आणि कोरेगाव काही फार वाकडी वाट नव्हे. जीप मीच चालवणार होतो. पण शेजारी बसलेल्या त्या माणसाचे हात इतके शिवशिवत होते, की शेवटी मी उतरलो आणि चाकावर त्यालाच बसवलं. पेवाच्या मालकानं चंदनात भिजलेली हळद एका पिशवीत बांधून दिली होती. म्हणाला, ही मसाल्याला चालायची नाही, पोरीच्या अंगाला लावा.

मांडवात सगळे खोळंबले होते. मुलीनं हट्ट धरला होता, आप्पा आल्याबिगर हळद लावून घेणार न्हाई. ती पाटावर कोरडीच बसलेली, आणि बाप सुटतोय अशी तार मिळाली म्हणून उष्टी हळद घेऊन आलेली नवऱ्याकडची माणसं वाट बघून जायच्या तयारीत उभी. तेवढ्यात पोलिसांची जीप दारात थांबली आणि ती चालवत कोण आलं, तर आरोपी. पिशवीतली हळद कुटून वाटीत कालवली आणि सगळा मांडव चंदनानं भरून गेला.

ड्रायव्हर मात्र हात मागे घेऊन लांबच उभा. "माझा हात नगं बाय," तो म्हणाला. "बेड्या पडल्यात ह्या हातांत."

मुलगी पाटावरून उठली. तिनं त्याचा हात ओढून वाटीत बुडवला आणि स्वतःच्या गालाला लावला. व्याही पुढं आले, त्यांनीही आपलं कपाळ त्या हाताखाली धरलं. तो सीमेवर लढलेला फौजी लहान मुलासारखा रडला. मलाही भरून आलं, सांगायला लाज कसली? मग कुणी तरी मला ओढलं आणि वर्दीसकट पिवळा करून टाकलं.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. खरं फार थोडं असतं, हवेत विरलेलं असतं. ते एका दमात हाती लागत नाही. सोसून, चाळून थेंब थेंब गोळा करावं लागतं. आणि तेवढा धीर आपण धरला नाही, तर त्याची किंमत पाटावर बसलेली एखादी पोर मोजते.

सोमवारी सकाळी मी उपअधीक्षकांपुढं उभा राहिलो. वर्दी दोनदा धुतली होती तरी वास काही जात नव्हता. साहेबांनी नाक फेंदारून वास घेतला, माझ्याकडे खालवर पाहिलं आणि विचारलं, "फौजदार, मुद्देमाल अंगाला लावलात की काय?"

मी सलाम ठोकला. "होय साहेब. पंचांसमक्ष."