न्हाणीच्या दाराची वरची ओळ

आमच्या गावात पहिलं काचेचं दार आलं ते देवळाला नाही, चावडीला नाही, तर आमच्या न्हाणीला. गावानं तोंडात बोटं घातली आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "आता अंघूळ करायची का जत्रा भरवायची?" असं त्या दिवसभर म्हणत राहिल्या.

दार आणलं होतं माझ्या नवऱ्यानं. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि या वयात ते सुरू करायची माझी इच्छा नाही, तेव्हा इथंही "हे" असंच लिहिते. लग्न झालं, हळद उतरली न उतरली तोच हे पलटणीत गेले, आणि लढाई संपल्यावर इटलीतून परत आले. मधल्या वर्षांत मला यांच्या फक्त मिशा आठवत होत्या, आणि परत आले ते मिशा काढून! म्हणजे माझ्या दृष्टीनं घरात एक नवाच माणूस आला होता, आणि हाच तुझा नवरा असं सगळे मला सांगत होते.

माणूस बोलायचा कमी. झोपायचा ओसरीवर, थंडीतसुद्धा. घरात बसला तरी दाराजवळ बसायचा. पाठीवर जखमांचे मोठे वण होते. गावातले पुरुष विहिरीवर अंघोळीला जमत. तिथं पहिल्याच दिवशी कुणीतरी "दाव की गड्या, कुठं कुठं लागलं" म्हणून यांना फिरवून फिरवून बघितलं. त्यानंतर हे विहिरीकडं फिरकले नाहीत.

राहिली घरामागच्या परसातली आम्हा बायकांची न्हाणी. तीन बाजूंना दगडी भिंत, वर पत्रा, पुढं तरटाचा पडदा. पडदा सोडला की आत भरदिवसा तिन्हीसांज. यांनी तिथं एकदा अंघोळ केली, तीही पडदा वर गुंडाळून. मग न सांगता साताऱ्याला गेले. तिथं कुणी साहेब विलायतेला निघाला होता आणि बंगल्यातलं सामान विकत होता. त्यातलं हे दार बैलगाडीतून, उसाच्या पाचटात गुंडाळून आलं. तावदानांच्या चार ओळी, पितळी कडी, एकही काच तडकलेली नाही.

"तिकडं दवाखान्यात न्हाणीला काचंचं दार हुतं," हे म्हणाले. "आतनं भायेरचं दिसतं."

"आन् भायेरनं आतलं?" आत्याबाईंनी विचारलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हे पितळी कडी पुसू लागले.

तडजोड अशी झाली की आमच्या अंघोळीच्या वेळी दारावर आतून जुनं लुगडं टांगायचं, आणि यांची वेळ झाली की काढायचं. पुढं त्याचीही गरज उरली नाही. मी वाईची, कृष्णेच्या पाण्यावर वाढलेली. सासर मात्र कऱ्हाडच्या पुढं, सांगलीकडं जाताना आत. तिथल्या विहिरीचं पाणी इतकं जड की डाळ शिजता शिजत नसे आणि पाणी तापवायच्या हंड्याला आतून पांढरी खपली धरे. तेच कढत पाणी अंगावर घेताना दारावर उडायचं, वाळायचं, वर साबणाचा थर बसायचा. बघता बघता काच दुधासारखी पांढरी झाली. आतलं बाहेर दिसेना, बाहेरचं आत दिसेना.

"देवानंच पडदा घातला बाई," जाऊबाई खूश होऊन म्हणाल्या. "आता त्या काचंला कुणी हात लावू नगा."

आम्ही लावला नाही. लुगडं काढून टाकलं. पहिल्यांदाच उजेडात, निवांत अंघोळ करता येऊ लागली, आणि ते सुख मी नाकारणार नाही. पण हे मात्र न्हाणीत जायचं टाळू लागले. दोन दोन दिवस पारोसे राहायचे, नाहीतर पहाटेच लांब ओढ्यावर जायचे. मग एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "पलटणीत परत जावं म्हणतोय. घेत्यात अजून."

खरं सांगायचं तर मला रागच आला. इतकी वर्षं मी एका मिशीवाल्याची वाट बघितली. आता हा बिनमिशीचा जरा कुठं आवडायला लागला होता, तर हा निघाला! रात्री मी विचारलं, "का जायचं?" तर म्हणाले, "हितं गुदमारतंय." चहूकडं शेतं, वारा नुसता घोंघावतोय, आणि हा माणूस म्हणतो गुदमरतंय. मला काही उमगेना. पण हा परत गेला तर या खेपेला माझ्या हाती मिशासुद्धा राहणार नाहीत, एवढं मात्र कळत होतं.

माझा स्वभाव पहिल्यापासून खोदून बघण्याचा. न्हाणी धुताना एकदा मला दिसलं, की दाराच्या अगदी वरच्या ओळीत, पांढऱ्या थरात रुपयाएवढा गोल स्वच्छ आहे. नखानं खरवडल्यासारखा. चार दिवसांनी तो धुरकटला, पुन्हा कुणीतरी खरवडला. तिथवर हात पोचेल असा घरात एकच माणूस होता. अंघोळीच्या दगडावर चढून, टाचा उंच करून मी त्या भोकातून बघितलं. शेणी रचलेल्या, बांधलेली गाय, चिंचेच्या झाडाचा बुंधा, वाळत घातलेलं माझंच लुगडं. यात चोरून बघण्यासारखं काय? शेजारीण दिसते की काय, असाही एक विचार येऊन गेला. पण मधली भिंत उंच होती. मी खात्री करून घेतली.

उत्तर मिळालं ते एका सकाळी. हे आत अंघोळ करत होते. जाऊबाईंनी धुतलेली वाकळ, म्हणजे आमची चिंध्यांची जाड गोधडी, नेहमीसारखी न्हाणीच्या दारावर वाळत टाकली. आत एकदम बादली आदळली. दार धाडकन उघडलं, वाकळ खाली पडली, आणि हे पंच्यानिशी, अंगभर साबण घेऊन परसात येऊन उभे राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "काय रं, भूत बगितलंस व्हय?" जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसू आलं नाही, कारण मी यांचे डोळे बघितले होते.

दुपारी मी यांची भाकरी घेऊन मळ्यात गेले. काही विचारलं नाही. विचारलं की हा माणूस मिटतो, एवढं मला कळू लागलं होतं. मी बांधावर बसून नुसतं गवत उपटत राहिले. शेवटी हे आपणच बोलले.

"घर पडलं हुतं आमच्यावर. तळघरात हुतो, तिघं. लय अंधार. पयल्यांदा एकमेकास्नी हाका मारत हुतो. मग त्या दोघांचा आवाज बंद झाला." भाकरीचा तुकडा तसाच हातात होता. "मग वाटाय लागलं, भायेर काय हायच न्हाई. लढाई न्हाई, गाव न्हाई, तू न्हाई. मी तेवढा हाय." तुकडा खाली ठेवून म्हणाले, "काचंतनं गाईचं शेपूट दिसलं तरी पुरं हुतं बग मला."

त्या गावात, त्या काळात, नवऱ्यासमोर भरदिवसा मळ्यात रडणं शोभत नव्हतं. मी रडले.

दुसऱ्या दिवसापासून मी काचेच्या मागं लागले. आधी शेणीची राख कापडानं चाळून घेतली आणि काथ्यानं घासली. माझे हात पांढरे झाले, काच होती तशीच. मग रिठ्याचं पाणी केलं. साबणाचा चिकट थर गेला, आणि खालचा पांढरा आणखीच उठून दिसू लागला. मग ताक. त्यावर जाऊबाई कडाडल्या, "माणसाला ताक मिळंना, आन् ही दाराला पाजतीया!" माश्याही घोंघावल्या. पण तावदानाच्या कडेला नख लावलं तर थोडी पांढरी भुकटी सुटून आली. आता ताकातच असं काय आहे, जे राखेत नाही? हा प्रश्न घेऊन मी हंडा घासायला बसले आणि हातातल्या चिंचेकडं बघतच राहिले. आंबट! हंड्याची खपली मी सासरी आल्यापासून चिंचेनं काढत आले होते. तोच पांढरा थर, तेच पाणी, फक्त तांब्याऐवजी काच.

चिंचेचा घट्ट कोळ, त्यात चिमूट मीठ. फडकं त्यात भिजवून तावदानावर चिकटवलं आणि वाळू नये म्हणून मधून मधून पुन्हा भिजवलं. दुपारी फडकं सोललं, घासलं, धुतलं, आणि विहिरीचं पाणी वाळायच्या आत जुन्या धोतरानं कोरडं केलं. त्या एका तावदानातून चिंचेचं झाड असं लख्ख दिसलं की मी आनंदानं ओरडले. ते ऐकून आत्याबाई आल्या.

"पूस म्हनलं व्हतं का तुला? आमी कुठं करायच्या अंघुळी?"

त्यांचंही खरं होतं. तिन्हीसांजेच्या अंधारातून त्यांची आत्ताच कुठं सुटका झाली होती. मी दगडावर उभी होते, खाली त्या उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि मला सुचलं. आम्ही बायका अंघोळ करतो त्या बसून. हे पलटणीत उभ्यानं अंघोळ करायला शिकून आले होते. "आत्याबाई, वरची एकच ओळ पुसते," मी म्हटलं. "त्यांना उजेड लागतो. खालच्या तिन्ही राहू देत पांढऱ्याच."

आत्याबाई माझ्या शब्दावर विसंबणाऱ्या नव्हत्या. वरची ओळ पुसून झाल्यावर त्या लुगड्यासकट न्हाणीत गेल्या, कडी लावली आणि दगडावर बसल्या. बाहेर मी आणि जाऊबाई.

"दिसतंय का गं?"

"न्हाई!"

"आता?"

"डोकं दिसलं. आवं, उठू नका की!"

"मग मी कशाला उठू? अंघूळ करतीया का कवायत?" असं म्हणत त्या बाहेर आल्या, आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "तू वाकळ दुसरीकडं घाल."

यांनी दार बघितलं आणि वरच्या काचेवरून बोट फिरवलं. दुसऱ्या सकाळी आत गेले. वरच्या ओळीतून यांचं कपाळ आणि डोळे दिसत होते. आधी गाईकडं बघितलं, मग माझ्याकडं. पाणी ओतायचा आवाज सुरू झाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर दर आठवड्याला मी ती ओळ चिंचेनं पुसत असे. एक गोष्ट मात्र हळूहळू लक्षात आली. गाय चरायला गेली आणि परसात कुणी नसलं, की हे कानामागचा साबण तसाच ठेवून घाईनं बाहेर येत. तेव्हा मी सूप घेऊन समोर बसू लागले. आमच्या घरचे तांदूळ तेवढे कधीच निवडले गेले नव्हते. पलटणीचा विषयही पुन्हा निघाला नाही.

पुढं बाळंतपणाला मी वाईला गेले. तिथं रोज सकाळी तीच काळजी. परसात आता कोण असेल? आत्याबाईंना तळघराचं मी काही सांगितलं नव्हतं, आणि हे तर सांगणारच नव्हते. परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी न्हाणीत पाण्याचा आवाज ऐकला, आणि पोराला खांद्यावर घेऊन मी तशीच परसात धावले.

चिंचेखाली, दाराच्या बरोबर समोर, आत्याबाई सूप घेऊन बसल्या होत्या. सावकाश पाखडत होत्या. मी जवळ गेले. सूप रिकामं होतं.

"पोराला वारं लागंल, आत जा," माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या. "त्याचं हुईस्तवर मी हाय हितं."