चाकातलं पाणी ओळखणारे मामा

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर चौथीतच सुटलं, तेवढं पोटात घाला. पण आमच्या मामांबद्दल लिहून ठेवायलाच हवं. चाकात शिरलेलं पाणी बाहेरून ओळखणारा असा माणूस भोसरीपासून चाकणपर्यंत दुसरा नाही.

मामा माझे मामेसासरे. चाकणला ट्रकच्या अ‍ॅक्सलचं काम करतात. रस्त्याने जाताना उभा ट्रक दिसला की आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा चाकाला उलटा हात लावतात. एका लग्नात हरवले, ते वऱ्हाडाच्या बसखाली सापडले. नवा सदरा काळा झालेला, आणि वर मुलीच्या बापाला बजावलं, "पोरगी खुशाल पाठवा, ही बस पाठवू नका." दुधाचा चहा पीत नाहीत. म्हणतात, "ग्रीसमधी पाणी गेलं की असाच रंग येतो. घशाखाली उतरत न्हाई गं, सूनबाई."

खंडेनवमीला तर ते जगावर चिडलेले असतात. त्या दिवशी जो तो पूजेसाठी गाडी धुतो आणि प्रेशरचा पाइप थेट चाकाच्या मधोमध, हबवर धरतो. "आरं, चाक तापलेलं असतंय! गार पाणी पडलं की ते आत श्वास वढतंय, अन् सीलच्या फटीतनं पाणी घेतंय!"

इतकं ऐकूनही गेल्या खंडेनवमीला मीच ती चूक केली. आमचे हे भाड्याचा माल नेतात; ते ट्रक घेऊन आले आणि अंघोळीला गेले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी शेजारच्या वॉशिंगवाल्याचा पाइप मागून घेतला आणि मागची चाकं आरशासारखी केली. दुपारी माल भरून यांना खंडाळ्याचा घाट उतरायचा होता.

मामा पूजेला आले. चाकाला हात लावला, माझ्या ओल्या पदराकडे पाहिलं. "गाडी जॅकवर घ्या."

"मामा, माल तयार आहे. हातचं भाडं जाईल," हे म्हणाले.

"घाटात चाक निखळलं तर भाडं घ्यायला कोण येनार रं?"

हब उघडला. ग्रीस पांढरं, फेसाळ. बेअरिंगवर गंजाचे ठिपके. गंज जुना होता, पण वरचे नितळ थेंब आजचेच. मी ओला पदर पाठीमागे लपवला.

"पाणी शिरलं कुठून?" यांनी विचारलं.

"पावसाळ्यात चाक बुडलं व्हतं, तवाचं हाय," मामा म्हणाले आणि बाहीने थेंब पुसून टाकले.

मग भर उन्हात बसून त्यांनी दोन्ही चाकं साफ केली, नवी बेअरिंगं आणि सीलं बसवली. पुरणपोळीत पुरण भरावं तसं बेअरिंगच्या एकेका रोलरच्या फटीत बोटाने ग्रीस दाबलं. देवळात बघावं तसं मी बघत राहिले. भाडं गेलं. सामानाचे पैसे मामांनीच घातले, आणि ते मीच फेडायचे असं मी ठरवलं. कंपनीतल्या मुलांचे डबे करते, त्यातून दर महिन्याला थोडे. मामा स्वतः येऊन घेऊन जात. यायचे, दोन घटका बसायचे.

परवा शेवटच्या नोटा दिल्या. नको म्हणाले नाहीत. कपाळाला लावून खिशात ठेवल्या. "फिटलं सगळं, सूनबाई."

ते वळणापर्यंत गेले तरी मी दारात उभी होते. वाटलं, जरा सावकाश फेडायला हवे होते.