नर्सबाईंचा पाण्यातला पेशंट

समोर कोणीही आलं की नर्सबाई आधी त्याचं मनगट धरायच्या आणि विचारायच्या, "कालपासून काय बदल्लं, थे सांगा." पोट दुखो की डोकं, प्रश्न तोच. पोस्टमन पत्र द्यायला आला तरी त्याची नाडी आधी तपासली जायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची ड्यूटी कधी संपतच नाही.

पन्नासच्या दशकात गडचिरोलीला आम्ही शेजारी होतो. त्यांच्या ओसरीवर हलवायाच्या दुकानातली जुनी काचेची पेटी होती, फटींत राळ आणि मेण भरलेली. तिच्यात पाणी, थोडे मासे, गोगलगाई आणि नदीतून आणलेली एक फांदी. त्या फांदीवर हिरवागार, मऊ गोळा चिकटलेला. मी म्हणालो, "शेवाळ छान आहे."

"शेवाळ? अवो भाऊ, जीव हाये थो!"

त्यांनी गोळ्यावरच्या बारीक भोकापाशी गेरूच्या पाण्याचा थेंब सोडला. लाल रंग कारंज्यासारखा वर उडाला! समुद्रातल्या पोवळ्यासारखा एका जागी बसून जगणारा हा नदीतला स्पंज. पाणी आत ओढायचं, त्यातलं खायचं, उरलेलं वरून सोडायचं. लहान मुलासारखं मी पुन्हापुन्हा थेंब सोडायला लावला आणि बाईही कंटाळल्या नाहीत.

एका सकाळी कुंपणावरून हाक आली. "भाऊ, या लवकर! पेशंट जाऊन राह्यला!"

गोळा राखाडी पडला होता, कडा बुळबुळीत झाल्या होत्या. गेरूचा थेंब सरळ तळाशी गेला. इतकी बाळंतपणं आणि इतके मृत्यू पाहिलेल्या बाईंचे डोळे भरले होते. पण रडत बसतील तर त्या नर्सबाई कसल्या!

चौकशी सुरू झाली. झाडलोट करणाऱ्या बाईचं मनगट धरलं, माझं धरलं. "तुमी पेटीत बिडी तर नाई टाकली?" मी बिडी ओढत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ऊन तेच, जागा तीच, विहीर तीच. कोणी काही बदललं नव्हतं.

"मासे मजेत हायेत. पाणी नासलं असतं तर थेच आधी उलटले असते. मंग गोगलगाई काऊन पडल्या?"

खरंच, काचेवर फिरणाऱ्या गोगलगाई तळाशी मिटून पडल्या होत्या. बाई येरझारा घालू लागल्या आणि एकदम थबकल्या. कोपऱ्यात तांब्याची नवी घागर लखलखत होती. कुरखेड्याकडच्या एका घरात अडलेली बाळंतीण त्यांनी सोडवली होती, तिच्या सासूनं दिलेली. तांब्यातलं पाणी सगळ्यांत शुद्ध, म्हणून रात्रभर त्यात ठेवलेलं पाणी बाई मोठ्या कौतुकानं पेटीत ओतत होत्या.

"अरे देवा! तळ्यातलं शेवाळ अन् गोगलगाई मारायले मोरचूद टाकतात ना? थेही तांब्याचंच! साऱ्या गावाच्या नाड्या पाहिल्या अन् मारेकरी मीच!" आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मलाही हसू आवरेना.

मग धावपळ! मातीची मडकी घेऊन आम्ही दोघं कठाणी नदीवर पळालो. पेटीतलं पाणी बदललं. बाईंनी दवाखान्यातल्या कात्रीनं राखाडी भाग कापून टाकला. सुपारीएवढा हिरवा तुकडा उरला. रोज ताजं पाणी आणायचं, रोज थेंब सोडायचा, आणि रोज तो तळाशी जायचा.

एक दिवस तो थेंब जरासा हलला आणि वर उडाला. बाईंनी टाळी वाजवली, मी तर अनवाणीच रस्त्यावर जाऊन ओरडलो. काय झालं ते कोणाला कळलं नाही, पण सगळे आनंदले.

पुढं बाईंची बदली सिरोंच्याला झाली. इतक्या लांबच्या प्रवासात, बैलांच्या खाचरात म्हणजे छोट्या गाडीत, पेशंट टिकला नसता. निघायच्या दिवशी मलाही सोबत घेऊन, वाट वाकडी करून त्यांनी नदीकाठी खाचर थांबवलं, गुडघाभर पाण्यात उतरून फांदी दगडांत नीट रोवली आणि तिथंच उभ्या राहिल्या. गाडीवान हाका मारू लागला.

"थांब ना भाऊ. त्याले जागा पसंत पडू दे."

ओल्या लुगड्यानंच त्या खाचरात बसल्या. खाचर दिसेनासं झालं. पहिल्या दिवशी पेशंटपाशी कोणीतरी असावं, म्हणून मी अंधार पडेपर्यंत काठावर बसून राहिलो.