नानांची वीस मिनिटं

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. माझ्याएवढा तोंडावर आपटलेला माणूस टोरांटोच्या अख्ख्या नॉर्थ यॉर्कमध्ये सापडायचा नाही!

माझे सासरे, नाना, पुण्याहून आमच्याकडे आले होते. एरवी कुणाला न घाबरणारा हा माणूस, पण विमान म्हटलं की त्यांना घाम फुटतो. झोपेची गोळी घेतात आणि सामानासारखे पोहोचतात. परत जाताना लिस्बनला धाकट्या लेकीचं बाळ बघायचं ठरलं. आम्हीही बरोबर निघणार होतो. फक्त माद्रिदला विमान बदलायचं होतं.

"म्हणजे आणखी एक विमान?" नाना सोफ्यावरच खचले. "मग राहू दे. बाळ व्हिडिओवर बघेन."

माझ्या बायकोचे, मेधाचे, डोळे भरून आले. अशा वेळी जावयाने काय करायचं? मी तिकीट उघडलं. माद्रिदहून दहाला सुटणार, लिस्बनला दहा वीसला पोहोचणार!

"नाना, फक्त वीस मिनिटं! इथून डाउनटाउनला जायला याच्या दुप्पट लागतात!"

"पण देश वेगळा ना तो?"

"युरोप आहे हो! कॅनडात पाच तास उडालं तरी देश संपत नाही. तिकडे एका देशात फोडणी दिली की दुसऱ्यात ठसका लागतो!"

"अरे, पण आपलं लिस्बन-माद्रिद परतीचं तिकीट तर सव्वादोन तास दाखवतंय," मेधा म्हणाली.

"तेव्हा वारा समोरून असतो," मी ठोकून दिलं.

"बाबा, आर यू शुअर?" आमची लेक ईरा फोनमधून मान वर न करता म्हणाली.

"ऑफ कोर्स!"

नाना तयार झाले. माद्रिदला त्यांनी गोळी काढली, तर मीच हात धरला. "वीस मिनिटांना गोळी कशाला? बाळासमोर पेंगत जाणार का?"

विमान उडालं. नानांनी एका हाताने माझं मनगट धरलं आणि नजर घड्याळावर ठेवली. वीस मिनिटं झाली.

"उतरतंय ना?"

"उतरेलच."

खाली नुसते ढग! मग मी म्हटलं, लँडिंगला रांग असेल. मग म्हटलं, पायलट नवीन दिसतोय. नानांची स्तोत्रं संपली आणि पाढे सुरू झाले. सतराच्या पाढ्याला मी न राहवून एअर होस्टेसला विचारलं.

"अजून पाऊण तास, सर," ती गोड हसली. "लिस्बनचं घड्याळ माद्रिदच्या एक तास मागे असतं."

"टाइम झोन, बाबा! ओ माय गॉड!" मागच्या सीटवरून ईरा किंचाळली. मेधाने माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मी जन्मात विसरणार नाही!

संध्याकाळी नानांनी बाळाला मांडीवर घेतलं. "बाळा, तुझ्यासाठी आजोबा पहिल्यांदाच जागेपणी उडाले रे," ते म्हणाले, आणि मला खरंच कुठे तोंड लपवू असं झालं.

मेहुणी चहा घेऊन आली. विषय बदलावा म्हणून तिने विचारलं, "जिजू, तुमचं ऑफिसात नक्की काम काय असतं हो?"

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "जावईबापू ना? पुण्याच्या आणि टोरांटोच्या लोकांच्या मीटिंगच्या वेळा जुळवतात!"