पोष्टाच्या अक्कांची बुजरी

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वयात पोष्टाच्या अक्कांनी मला एका मांजराकडं पाठ करून फरशीवर बसायला लावलं. "अण्णा, तिच्याकडं बघू नका. आधी तिला तुम्हाला बघू द्या." मादन हिप्परग्यात कुणी मला बस म्हणलं तर मी उभा राहणारा माणूस. पण अक्कांचा आवाज असा, की हा हुकूम होता हे बसल्यावरच कळायचं. पंधरा मिनिटं बसलो. मांजर काही आलं नाही. गुडघे धरले ते वेगळंच.

अक्कांनी आमच्या गावचं पोष्ट वीस-बावीस वर्षं सांभाळलं. रिटायर झाल्यावर माझ्या तुरीच्या कोठीला लागून खोली आहे, तिथं भाड्यानं राहायला आल्या. नवरा कधीच गेलेला, मुलगी बीदरला. पोष्टात त्यांची एक तऱ्हा होती. कुणाच्या हातात नुसता फॉर्म द्यायच्या, कुणाचा स्वतः भरायच्या, आणि मी गेलो की खुर्ची पुढं सरकवायच्या. "चष्मा विसरलाव वाटतं अण्णा, द्या इकडं." मी चौथीत शाळा सोडलेली. वाचायला येतं, पण फॉर्म दिसला की घाम फुटतो. चष्मा माझ्या खिशात असायचा. त्यांना तो दिसत होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांच्याकडं तीन मांजरं. तिघांच्या थाळ्या तीन ठिकाणी. फौजदार नावाच्या दांडग्या बोक्याची दारात, लाडीची चुलीजवळ, आणि बुजरीची लोखंडी कपाटाच्या माथ्यावर. स्टुलावर चढून रोज दोन वेळा त्या ती थाळी वर ठेवायच्या. मी म्हणलो, "अक्का, एका परातीत टाका की. भूक लागली की खात्यात."

"तुम्ही नि तुमचे भाऊ एका पंगतीला बसून किती साल झाले?"

धाकट्याशी माझं बोलणं बंद आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक.

एकदा फौजदार अंथरुणावर मुतायला लागला. मी म्हणलो, "माजलाय. दोन फटके द्या." अक्कांनी फटका दिला नाही. चार दिवस नुसतं बघत राहिल्या. मग मला बोलावून खिडकीपुढची पेटी उचलायला लावली. "हिथं बसून ह्यो गल्ली राखायचा. पेटी ठेवून मीच त्याची जागा अडवली." पेटी हलली आणि मुतणं बंद झालं. मी मनात म्हणलं, आपोआप झालं असेल.

पुढं मुलीनं त्यांना बीदरला न्यायचं ठरवलं. फौजदार आणि लाडी टोपलीत घालून नेण्यासारखी होती. बुजरीचं तसं नव्हतं. कुकरची शिट्टी झाली तरी ती कपाटावर अंग चोरून बसायची. एकदा टेम्पोतून डॉक्टरकडं नेली, तर परत आल्यावर तीन दिवस जेवली नव्हती.

"हिला बस झेपणार न्हाई, अण्णा," अक्का म्हणाल्या. "हिला ही खोलीच पायजे. कपाट हिथंच ठेवून जायले. महिनाभर खोली हाय तशी राहू द्या. थाळी वर ठेवायची नि निघून यायचं. धरायला जाऊ नका. तिचं तिला येऊ द्या."

"अक्का, मला मांजरं शिकवायलाव काय? जन्म गेला माझा कोठीत."

"नुसतं व्हय म्हणा की."

"व्हय."

अक्का बीदरला गेल्या, त्याच्या चौथ्या दिवशी तुरीची पोती आली. कोठीत जागा कमी पडायला लागली. मी अक्कांची खोली रिकामी करायला घेतली, कपाट बाहेर काढलं, आणि बुजरीला मानगुटीला धरून कोठीतल्या खांबाला सुतळीनं बांधलं. आमच्या घरी नवं मांजर आणलं की दोन दिवस बांधून ठेवायचे, म्हणजे ते घराला लागतं. तिनं माझा हात मनगटापासून फाडला. मी रागानं दार आपटून निघून गेलो. संध्याकाळी बघितलं तर तुटकी सुतळी, आणि वरच्या झरोक्याची जाळी वाकलेली.

रविवारी अक्कांचा फोन आला. "बुजरी कशी हाय?"

"मजेत. मांडीवरनं उठत न्हाई बघा." माझ्या तोंडून सरळ निघून गेलं.

"मांडीवर?"

"व्हय. सोडतच न्हाई."

"बरं झालं," अक्का म्हणाल्या. त्यानंतर दर रविवारी त्या माझे गुडघे विचारायच्या, तुरीचं विचारायच्या. बुजरीचं कधी नाही. मला वाटलं, खपलं.

वर्षभरानं कोठीत एक भटकी मांजर व्याली. दोन पिल्लं. दुपारचं मला काम नसायचं, पोत्यावर बसून बघायचो. एक पिल्लू हिंडायला लागल्याबरोबर माझ्या धोतराला धरून वर चढलं. दुसरं पोत्यामागून एक डोळा दाखवायचं. आई एकच, दूध एकच. त्या दुसऱ्याकडं मी महिनाभर पाठ करून बसलो. शेवटी ते माझ्या पाठीला अंग घासून गेलं, पण मांडीवर आलं नाही. ते येणारही नव्हतं, त्याचा पिंडच तसा. हे कळलं आणि माझंच बोलणं मला आठवलं. बुजरी मांडीवरनं उठत नाही, हे मी कुणाला सांगितलं होतं? ज्यांनी तिला पाच वर्षं पाळलं आणि ज्यांच्या मांडीवर ती एकदाही बसली नव्हती, त्या अक्कांना.

कलबुर्गीवरून, दोन बस बदलून बीदरला गेलो. अक्का खाटेवर होत्या, फार वाळल्या होत्या. मुलगी चहा ठेवून आत गेली.

"अक्का, ती पहिल्याच आठवड्यात पळाली. मी बांधली होती."

"तवाच कळलं मला."

"मग बोलला कामून न्हाई?"

"बोलले असते तर तुम्ही आनखी एक खोटं बोलला असता. मग माझा फोन घ्यायचं बंद केलं असतं." कप त्यांनी माझ्याकडं सरकवला. "तुम्हाला बी धरायला गेलं की पळताव. म्हणून बसले वाट बघत."

मग त्यांनी विचारलं, "हुडकलाव का तिला? हाका मारल्या का?"

"न्हाई."

"एकदा बी न्हाई?"

ती लांब गेली नसणार, जवळच कुठंतरी भिऊन बसली असणार, हे त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात आलं होतं. पण गल्लीतल्या चहाच्या हाटेलापुढनं मांजराला हाका मारत जाणारा म्हातारा लोकांना दिसला असता, म्हणून मी घरात बसून राहिलो. हे मी अक्कांना सांगितलं. त्यांनी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. खोटं त्यांनी पोटात घातलं होतं. हे घातलं नाही. ती आमची शेवटची भेट. पावसाळा सरायच्या आत त्या गेल्या.

बीदरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी थाळीत दूधभाकरी कुस्करली, कोठीच्या मागच्या बाजूनं निघालो आणि हाटेलाची बाकडी भरलेली असताना मोठ्यानं हाक मारली, "बुजरे, ए बुजरे."

"काय हरवलं, अण्णा?" एकानं विचारलं.

"मांजर."

"कवा?"

"वर्ष झालं."

कुणीतरी हसलं. मी पुढच्या गल्लीत वळलो आणि परत हाक मारली.