अप्पांचा डावा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही — अडखळतच.

अप्पांना, माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाला तेव्हा मी त्यांना धारवाडला माझ्या घरी आणलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जन्मभर कोर्टात बोललेला माणूस. आता बोलायला फक्त डावा हात उरला होता. काही हवं असलं की माझा पदर ओढायचे. मी शाळेत शिकवते. दिवसभर घरी कोण? हुबळीच्या एका संस्थेनं बाई पाठवल्या — शांतव्वा. 'हे काम शिकलेली बाई आहे', असं फोनवर सांगितलं होतं. शांतव्वा त्याआधी तिथल्या दुर्गदबैल बाजारात एका कापडदुकानात झाडलोट करायच्या. आजारी माणूस कसा सांभाळायचा, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

एकदा शाळा लवकर सुटली. घरी आले तर अप्पांचा डावा हात पलंगाच्या कठड्याला सुतळीनं बांधलेला. मनगट सोललेलं. ते माझ्याकडे बघत होते — ते बघणं कसं सांगू?

"अक्का, ते नाकातली जेवणाची नळी ओढून काढतात," शांतव्वा म्हणाल्या. "मी एकटी. धुणं धुवायला गेले तर कोण बघणार?"

संस्थेला फोन केला. "दुसरी बाई कधी मिळेल सांगता येत नाही," तिथला माणूस म्हणाला. "हिला ठेवायचं का नाही, तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. रजा काढता आली असती. बेळगावच्या बहिणीला बोलावता आलं असतं. केलं? नाही — सुभाष रोडवर जाऊन मऊ पंचा आणला. शांतव्वांना दिला. म्हटलं, "सुतळी नको, यानं बांधा."

त्यानंतर अप्पांनी पदर ओढणं सोडलं. मला वाटलं, शांत झाले. खरंच वाटलं?

पावसाळा सरता सरता ते गेले. लेकीनं सेवा केली, असं सगळे म्हणाले.

इथवरचं कदाचित कुणाला सांगताही आलं असतं. पण एक सकाळ आहे. शांतव्वा स्वयंपाकघरात पेज गाळत होत्या. मी चादर सारखी करायला वाकले. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डावा हात उचलून त्यांनी आपणहून कठड्याशी नेऊन ठेवला, आणि थांबले.

मी बांधला. घट्ट नाही ना, एवढं बोट घालून पाहिलं. मग शाळेला गेले.