घाटघरला लाईट आली तेव्हा

अण्णा जाऊन तीन महिने झाले तरी मी घाटघरला जायचं टाळत होतो. अण्णा म्हणजे माझे वडील. तिथल्या शाळेत ते नऊ वर्षं मास्तर होते. आजारपणात त्यांनी माझ्या लॅपटॉपवर चाळीस मिनिटं बोलून ठेवलं, तिथल्या त्यांच्या मित्रासाठी, बाळूबाबांसाठी. "त्याला ऐकव. त्याच्याआधी तू ऐकू नकोस," एवढंच मला म्हणाले. मी शब्द पाळला. सीडीवर उतरवून मात्र ठेवलं नाही, आज करू, उद्या करू म्हणत राहिलो.

२००७ची दिवाळी झाली आणि निघालो. पुण्याहून मंचर, नारायणगाव करत जुन्नर, एसटीने साधारण तीन तास. पुढे घाटघरची गाडी चुकवू नका, नाहीतर जीप, आणि जीपमध्ये शेजारणीची कोंबडी तुमच्या मांडीवर. रस्ता मात्र सुंदर. भात कापून झालेली खाचरं आणि समोर जीवधनचा किल्ला. मी लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून बसलो होतो.

पत्राने आधी कळवलं होतं, त्यामुळे बाळूबाबा गाडीपाशीच उभे होते. सत्तरी ओलांडलेला, काटक माणूस.

"गुर्जींचा आवाज आनलाय न्हवं?"

"आणलाय."

"मंग लाव की!"

बॅटरी वीस टक्के होती. दहा मिनिटं तरी नक्की वाजलं असतं. पण मी शहाणा! "आधी चार्ज करू बाबा, मधेच बंद पडायला नको," म्हणालो.

भारनियमनाचे दिवस. पिन लावली तेव्हा बल्बची नुसती तार लाल दिसत होती, आणि थोड्या वेळाने तीही विझली. पिन काढून ठेवायची, हे मला सुचलं नाही. तासाभराने लाईट आली ती अशी जोरात, की बल्ब पांढराफटक पेटला. बाबांची सून चुलीपासून ओरडली, "पावणं, पिन काढा!" मी उठेस्तोवर जळका वास आला.

लॅपटॉप चालू होईना. चार्जरचा हिरवा दिवा बंद. दुसरं सॉकेट पाहिलं, शेजारच्या घरात नेऊन पाहिलं. बॅटरी काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, ती परत बसवली, पुन्हा काढली. बाबा शेजारी उकिडवे बसून, श्वास रोखून बघत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

सकाळी ओट्यावर ठेवलेली बॅटरी गायब! शोधतो तर अंगणात वाळत घातलेल्या भातावर, फडक्यावर नीट मांडलेली.

"उन्हात ठिवली," बाबा म्हणाले. "बॅटरीचं सेल उतरलं की आमी आसंच करतो. परत चालत्यात."

"हा काय टॉर्चचा सेल आहे का?" मी खेकसलो. फडक्यात गुंडाळून बॅटरी बाबांनी माझ्या हातात दिली. ती छान कोमट झाली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसवून पाहिली. काही नाही.

दुरुस्तीसाठी परत जुन्नर. तिथून ओतूर, तिथल्यांनी आळेफाट्याला पाठवलं. गॅरेजांच्या रांगेत एक कॉम्प्युटरवाला होता. त्याने मीटर लावला. चार्जर मेलेला. दुसरा जोडला, तरी अंधार. मग स्क्रू काढून काळा पडलेला बोर्ड दाखवला. "भाऊ, हे लई जळलंय. हार्डडिस्क पुण्याला दाखवा."

पुण्यात दोघांना दाखवली. दोघांनीही मान हलवली. अण्णा बाळूबाबांना काय सांगणार होते, ते आता कुणालाच कळणार नाही, आणि हे मी केलंय. सहलीला जाणाऱ्यांनो, घाटात काय बघाल ते बघा, पण आधी घरी बसून सीडी काढा.

बाबा बाजाराला जुन्नरला उतरले की नाण्याच्या फोनवरून मला फोन करतात. दर रविवारी लॅपटॉपबद्दल एकच प्रश्न.

"लाईट आली का?"

पहिल्या रविवारी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, "अजून नाही, बाबा."

"उन्हात ठिवतोस न्हवं?"

"हो."

आज रविवार. फोन यायच्या आत बॅटरी गॅलरीत उन्हात ठेवून आलोय. निदान तेवढं तरी त्यांच्याशी खोटं बोलायला नको.